चित्रं विकणाऱ्या कंपनीत पैसे घालण्याआधी

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या दिल्लीतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी रुपयांच्या वर गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ला सुमारे ११८ कोटी मिळाले. अशी बातमी आली की पाठोपाठ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश फिरू लागतात: ‘कलेचा बाजार तेजीत आहे, ऑनलाइन चित्रविक्री करणाऱ्या स्टार्टअपला गुंतवणूकदार हवेत, एक लाखापासून सुरुवात, जागा थोड्याच.’ घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये असो की डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतीत, निवृत्तीची रक्कम हाती आलेले किंवा एफडीच्या व्याजाला कंटाळलेले लोक अशा संदेशावर विचार करू लागतात. त्यात आपल्याकडे घराघरात एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेलं कोणीतरी असतंच. विषय जवळचा वाटतो आणि हात खिशाकडे जातो.

तो थोडा वेळ तिथेच थांबू द्या. चित्राची किंमत वाढणं आणि चित्र विकणाऱ्या कंपनीने पैसे कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही शेअर घेता तो चित्राचा नसतो, दुकानाचा असतो. गायतोंडेंच्या चित्राचे ६७ कोटी मुख्यतः ते चित्र ज्याच्या मालकीचं होतं त्याला मिळतात. लिलावघराच्या वाट्याला खरेदीदाराकडून वरून घेतलेलं शुल्क आणि विक्रेत्याशी ठरलेलं कमिशन येतं, आणि त्यातून पगार, विमा, कॅटलॉग, प्रदर्शन, कर वजा जाता काही उरलं तर त्यावर भागधारकाचा हक्क.

मागणी आहे म्हणजे धंदा चालेल, हा समज राजा रविवर्मांच्या वेळीही खोटा ठरला होता. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत छापील चित्रांना घराघरातून मागणी होती. तरीही छापखाना कर्जात बुडाला आणि १९०१ मध्ये तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लाइशर यांना विकावा लागला. चित्रं भिंतीभिंतीवर राहिली, छापखाना मालकाच्या हातून गेला. गुंतवणूक करताना तुम्ही छापखान्याच्या बाजूला उभे असता, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढचा लेख वाचा.

दुकान कोणत्या प्रकारचं आहे?

‘ऑनलाइन आर्ट मार्केटप्लेस’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे धंदे चालतात. आपल्यासमोरचा प्रस्ताव यांपैकी कोणता, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

पहिला प्रकार लिलावघराचा. मीनल आणि दिनेश वझिरानी यांनी २००० साली सुरू केलेलं सॅफ्रनआर्ट हे याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. इथे चित्रं मोजकी असतात, किमती मोठ्या आणि ग्राहक ओळखीचे. सगळा व्यवसाय विश्वासावर आणि तज्ज्ञांच्या नजरेवर चालतो. नव्या कंपनीला हा विश्वास पाच-दहा वर्षांत कमावणं कठीण जातं.

दुसरा प्रकार पोर्टलचा. हजारो चित्रकार आपली चित्रं फोटो काढून टाकतात, ग्राहक पाच हजारांपासून लाख-दोन लाखांपर्यंतची खरेदी करतो, पोर्टल कमिशन घेतं. ठाणे-कल्याण पट्ट्यात फिरणारे प्रस्ताव बहुधा याच प्रकारचे असतात. या लेखात मुख्यतः याचाच विचार केला आहे.

तिसरा प्रकार छापील प्रतींचा आणि भिंत-सजावटीचा. कंपनी कॅनव्हासवर चित्राची प्रत छापते, फ्रेम करते, नवा फ्लॅट घेणाऱ्यांना किंवा हॉटेल-हॉस्पिटलांना विकते. यात कलेचा बाजार फारसा नसतो, हा सरळ उत्पादनाचा धंदा आहे. त्याचा हिशेब कच्चा माल, यंत्र आणि ऑर्डर यांवर करावा. आकर्षण कमी, पण कधीकधी पैसे यातच जास्त असतात.

चौथ्या प्रकारापासून चार हात दूर राहिलेलं बरं. यात कंपनी म्हणते, ‘एक महागडं चित्र आपण सगळे मिळून घेऊ, तुमच्या नावावर त्याचा हिस्सा, तीन वर्षांनी विकून नफा वाटू.’ हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. ओशियान्स या मुंबईच्या संस्थेने २००६ मध्ये तीन वर्षांचा कलानिधी काढला आणि सुमारे १०२ कोटी रुपये गोळा केले. २००८ च्या मंदीत चित्रांचा बाजार कोसळला. २००९ मध्ये मुदत संपली तेव्हा गुंतवणूकदारांना पैसे वेळेवर मिळाले नाहीत. अशा निधीला सामूहिक गुंतवणूक योजना म्हणून नोंदणी लागते, हे सेबीने २००८ मध्येच जाहीर केलं होतं. २०१३ च्या आदेशात ओशियान्सची योजना विनानोंदणीची ठरवली गेली. तेव्हा ‘चित्रातला हिस्सा’ हे शब्द ऐकले की पहिला प्रश्न एकच: सेबीची नोंदणी दाखवा. नसेल तर चहा पिऊन घरी या.

एका चित्राचा हिशेब मांडा

पोर्टलवाले आलेख दाखवतील: इतके लाख लोक साइटवर आले, इतके हजार चित्रकार जोडले गेले, जागतिक कलाबाजार इतक्या अब्जांचा. आर्ट बाझल आणि यूबीएस यांच्या वार्षिक अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे ५७.५ अब्ज डॉलरची कलाविक्री झाली, ती आदल्या वर्षापेक्षा १२ टक्क्यांनी कमी होती. त्यातली ऑनलाइन विक्री साधारण १८ टक्के. पण हे आकडे डोंबिवलीतल्या कंपनीबद्दल काहीच सांगत नाहीत. तुम्ही एकच मागा: एका विकल्या गेलेल्या चित्राचा पैशापैशाचा हिशेब.

तो कसा दिसतो, हे उदाहरणादाखल मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कंपनीचे खरे आकडे त्यांच्याकडून घ्या. चित्राची किंमत २०,००० रुपये. कमिशन ३५ टक्के, म्हणजे कंपनीच्या हाती ७,०००. डिलिव्हरी ‘मोफत’ असल्याने पॅकिंग आणि कुरिअरचे २,६०० कंपनीच्या अंगावर. पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावरचा कर, म्हणजे ४७०. इन्स्टाग्राम आणि गुगलवरच्या जाहिरातींचा खर्च एका ऑर्डरमागे २,५०० धरू. दहातलं एक चित्र ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून परत येतं. जाण्या-येण्याचा खर्च ५,०००, तो दहा चित्रांवर वाटला तर प्रत्येकी ५००. एकूण खर्च ६,०७०. उरले ९३०. परत आलेल्या चित्राचं कमिशनही बुडतं, ते इथे मोजलेलंच नाही.

आता कंपनीचे पगार, भाडं आणि सर्व्हर मिळून महिन्याला ३ लाख खर्च असेल, तर नुसतं बरोबरीला यायला दरमहा ३२० च्या वर चित्रं विकायला हवीत. पण तोच ग्राहक दुसऱ्यांदा आपणहून आला, तर जाहिरातीचे २,५०० वाचतात, एका चित्रामागे ३,४३० उरतात आणि महिन्याला ९० चित्रांच्या आत काम भागतं.

या धंद्याचं मर्म याच फरकात आहे. किराणा दर महिन्याला लागतो, मोबाइल तीन-चार वर्षांनी बदलतो. दिवाणखान्याच्या भिंतीवरचं चित्र माणूस बहुधा घर घेतल्यावर एकदाच घेतो. म्हणून कंपनीला विचारा: गेल्या वर्षीच्या ग्राहकांपैकी कितीजण पुन्हा आले? एका नव्या ग्राहकामागे जाहिरातीवर किती खर्च झाला? इंटिरिअर डिझायनर, बिल्डरचे सॅम्पल फ्लॅट, हॉस्पिटलं, कंपन्यांची कार्यालयं असे पुन्हापुन्हा येणारे खरेदीदार किती आहेत? दुसऱ्या खेपेला येणाऱ्या ग्राहकाचा आकडा ज्या कंपनीकडे नाही, तिने आपला धंदा अजून ओळखलेला नाही.

कुरिअरचं बिल मागून बघा

चित्रविक्रीच्या कंपन्या जिथे गुपचूप पैसे घालवतात ती जागा म्हणजे गोदामातलं पॅकिंगचं टेबल. कुरिअर कंपनी पार्सल नुसतं तोलत नाही, त्याचं आकारमानही मोजते. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. येईल ते किलो आणि प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे.

तीन फूट बाय चार फुटांचं फ्रेम केलेलं चित्र घ्या. कोपऱ्यांना गार्ड, बबल रॅप, थर्माकोल, वर प्लायची पेटी. बाहेरचं माप १०० गुणिले १३० गुणिले १२ सेंटीमीटर भरतं. भागाकार ३१ किलो. चित्राचं खरं वजन सात-आठ किलो असलं तरी बिल ३१ किलोचं. तोच कॅनव्हास पट्टीवरून काढून नळीत गुंडाळला तर हिशेब पाच किलोच्या आत येतो. पण मग जाड थराचं तैलचित्र गुंडाळल्यावर तडकू शकतं, आणि ग्राहकाला फ्रेमवाला शोधत फिरावं लागतं. कागदावरच्या जलरंगाला काच हवी, आणि काच प्रवासात फुटते. शिल्पांचं तर विचारूच नका. डोंबिवलीतलं भाऊ साठे यांचं शिल्पालय ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको की शिल्पाभोवती फिरल्याशिवाय ते कळत नाही. फोटो पाहून त्याची खरेदी करणारा विरळा.

म्हणून कंपनीच्या कार्यालयात जाल तेव्हा कॉन्फरन्स रूममध्ये बसून न राहता पॅकिंग कुठे होतं ते पाहा. गेल्या तीन महिन्यांची कुरिअरची बिलं, वाटेत खराब झालेल्या मालाची संख्या आणि त्यातले विम्याचे किती दावे मंजूर झाले, एवढं मागा. देणारा मालक आपला खर्च जाणतो. ‘ते ऑपरेशन्सवाले बघतात’ असं उत्तर आलं तर वहीत टीप करा.

कागद स्वतः काढा

कंपनी नोंदलेली असेल तर तिचे कागद तुम्हाला घरबसल्या मिळतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की मूळ माहिती फुकट दिसते आणि १०० रुपये भरले की दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. ताळेबंद एओसी-४ मध्ये, भागधारकांची माहिती एमजीटी-७ मध्ये, शेअरवाटप पीएएस-३ मध्ये आणि मालमत्तेवरचा कर्जाचा बोजा सीएचजी-१ मध्ये सापडतो. तीन वर्षांचे कागद काढा. शेजारच्या सीएला दाखवायला लाजू नका. आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद मुदत उलटूनही दाखल झाला नसेल, तर तिथेच थांबा.

त्यात चार गोष्टी पाहा.

पहिली, उलाढाल कशाला म्हटलं आहे. सादरीकरणात १० कोटींची विक्री लिहिलेली असते, पण चित्रं चित्रकारांची असतील तर कंपनीचं स्वतःचं उत्पन्न फक्त कमिशन, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या दराने साडेतीन कोटी. ‘विक्रीच्या पाचपट, म्हणून कंपनीचं मूल्य ५० कोटी’ असं सांगितलं, तर प्रत्यक्षात तुम्ही उत्पन्नाच्या चौदापट भाव देत असता.

दुसरी, ‘इतर उत्पन्न’. बँकेत ठेवलेल्या गुंतवणूकदारांच्याच पैशांवरचं व्याज नफ्याच्या ओळीत डोकावतं आणि तोटा लहान दिसतो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी, चित्रकारांची देणी. ग्राहकाने दिलेल्या २०,००० पैकी १३,००० चित्रकाराचे असतात. ते कंपनीच्या हातून जातात म्हणून कंपनीचे होत नाहीत. हे पैसे भाडं आणि पगाराला वापरले जाऊ लागले की अखेर जवळ आली समजा. न्यूयॉर्कच्या पॅडल-८ या ऑनलाइन लिलाव कंपनीने हेच दाखवलं. २०११ मध्ये सुरू झालेली ही कंपनी मोठ्या भांडवलाने आणि नामवंतांच्या पाठिंब्याने वाढली. २०१६ मध्ये तिने जर्मनीच्या ऑक्शनाटाशी हातमिळवणी केली, ती कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. मार्च २०२० मध्ये पॅडल-८ नेही दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी, लिलावातून आलेले आपले पैसे मिळाले नाहीत म्हणून एका ना-नफा संस्थेने तिच्यावर दावा लावला होता. ताळेबंदात देणी कमिशनपेक्षा वेगाने वाढताना दिसली, तर या कंपनीची आठवण ठेवा आणि विचारा: ग्राहकाचे पैसे नेमके कोणत्या खात्यात जमा होतात आणि चित्रकाराला किती दिवसांत जातात?

चौथी, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार. कार्यालय संचालकाच्या पत्नीच्या नावावर, भाडं बाजारभावाच्या दीडपट, वेबसाइट मेहुण्याच्या कंपनीने बनवलेली, असं असेल तर तुमचा पैसा कंपनीत शिरण्याआधीच घरी पोचलेला असतो.

चित्रकाराला फोन लावा

मोठ्या गुंतवणूकदाराला जे जमत नाही ते ठाणेकर-डोंबिवलीकराला सहज जमतं. पोर्टलवर ज्यांची चित्रं आहेत त्यांतले अनेकजण तुमच्याच गाडीने प्रवास करतात. कोणी शाळेत कलाशिक्षक आहे, कोणी जेजेतून किंवा जी. डी. आर्ट करून बाहेर पडलेला, कोणी जहांगीरची तारीख मिळण्याची वाट पाहणारा. ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनात एखादं प्रदर्शन असेल तेव्हा जा आणि चार-पाचजणांना बाजूला घेऊन विचारा.

किती चित्रं पोर्टलवर टाकली, वर्षात किती विकली गेली? पैसे किती दिवसांनी आले? कमिशन किती, आणि ‘ऑफर’च्या नावाखाली किंमत परस्पर कमी केली का? चित्र पोर्टलवर आहे म्हणून बाहेर विकायला बंदी आहे का? आणि शेवटचा खोचक प्रश्न: ग्राहकाने पोर्टलवर चित्र पाहिलं आणि इन्स्टाग्रामवर तुम्हाला थेट गाठलं, असं कितीदा होतं? या प्रश्नावर चित्रकार हसला तर समजा की पोर्टलच्या खर्चाने शोधलेला ग्राहक निसटतो आहे. ही गळती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

वारली चित्रांच्या बाबतीत चौकशी जरा जास्त खोलात करा, कारण हा आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याचा वारसा आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण या चित्रांचा बाजार अजूनही मोठ्या प्रमाणात ठाणे-मुंबईतच आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. पोर्टलवर ‘अस्सल वारली’ म्हणून विकलं जाणारं चित्र पाड्यावरच्या कलाकाराने काढलेलं आहे की यूट्यूब पाहून शिकलेल्या हौशी हाताने, हे कंपनी कसं तपासते? कलाकाराचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं का? इथे ढिसाळपणा दिसला तर महागड्या चित्रांच्या बाबतीतही तोच असणार. बनावट चित्राची एक तक्रार गाजली की पोर्टलचं नाव जायला वेळ लागत नाही.

ग्राहक म्हणूनही एक परीक्षा घ्या. दीड-दोन हजारांचं छोटं चित्र मागवा, मग परत करा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांनुसार पोर्टलने तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायचं असतं, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. पैसे परत यायला किती दिवस लागले ते मोजा. दोन हजार रुपयांत दोन लाखांचा निर्णय सोपा होतो.

कर आणि कायदा कुठे आड येतात

२२ सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पोर्टलांना याचा फायदा झाला. पण एक अडचण बाकी आहे. ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला पोर्टलवरून माल विकता येतो, मात्र सर्वसाधारणपणे फक्त आपल्याच राज्यात. म्हणजे नोंदणी नसलेल्या बदलापूरच्या चित्रकाराचं चित्र पुण्याला जाऊ शकतं, बंगळुरूला नाही. पोर्टलवरच्या किती चित्रकारांची नोंदणी आहे हे कळलं की कंपनी खरोखर देशभर विकू शकते की नाही तेही कळतं. शिवाय विक्रीच्या रकमेतून पोर्टलने जीएसटीपोटी अर्धा टक्का आणि आयकरापोटी ०.१ टक्का कापून भरायचा असतो. हा भरणा चुकला तर दंड भागधारकांच्याच पैशातून जातो.

‘परदेशी ग्राहक आहेत’ असं सांगितलं जातं तेव्हा १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ कलाकारांची चित्रं तर वयाची अट न पाहता राष्ट्रीय ठेवा मानली जातात. जुनी चित्रं विकणाऱ्या कंपनीकडे मालकी-इतिहासाचे कागद नीट नसतील तर गुंतवणूक कोर्टाच्या पायऱ्यांवर अडकते.

शेअर हाती कसा येणार आणि सुटका कशी होणार?

प्रस्ताव ज्या वाटेने आला ती वाटही तपासा. खासगी कंपनीला वर्षभरात फार तर २०० जणांना शेअर देता येतात. प्रस्ताव ठरावीक व्यक्तीच्या नावाने, पीएएस-४ या नमुन्यातल्या पत्राने द्यावा लागतो आणि त्याची जाहिरात करता येत नाही. म्हणजे दोनशे सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं निमंत्रण हीच कायद्याबाहेरची गोष्ट आहे. पैसे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यातून जायला हवेत, रोखीने अजिबात नाही, आणि कंपनीने ६० दिवसांत शेअरचं वाटप केलं पाहिजे. लहान कंपन्या वगळता बाकीच्यांना शेअर डीमॅट स्वरूपातच द्यावे लागतात. अनलिस्टेड शेअरची खरेदी-विक्री करून देणारी अ‍ॅप आणि संकेतस्थळं हल्ली बरीच दिसतात. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने अशा अनधिकृत मंचांबाबत सावधगिरीचा इशारा दिला आहे.

‘शेअर नको असतील तर दरमहा दोन टक्के खात्रीशीर परतावा घ्या’ असा पर्याय पुढे आला, तर तो शेअरचा व्यवहारच राहत नाही. ती ठेव झाली, आणि विनापरवाना ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली दुकानं बंद पडली आणि तिथे पैसे ठेवलेल्यांच्या पोलीस ठाण्यात रांगा लागल्या, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. सोन्याच्या जागी चित्रं आली म्हणून गणित बदलत नाही.

सुटकेच्या वाटा तीनच. कंपनी शेअर बाजारात येते, मोठी कंपनी तिला विकत घेते, किंवा नवा गुंतवणूकदार तुमचे शेअर घेतो. पहिली वाट दिसते तेवढी सोपी नाही. एसएमई बाजारात यायलाही आता मागच्या तीनपैकी किमान दोन वर्षांत एक कोटीचा परिचालन नफा दाखवावा लागतो. वरच्या हिशेबातली ९३० रुपये उरवणारी कंपनी तिथवर पोचायला वर्षाला हजारो चित्रं विकायला हवीत. जगातही चित्र फारसं वेगळं नाही. सदबीज ही दीर्घकाळ न्यूयॉर्कच्या बाजारात असलेली कंपनी २०१९ मध्ये ३.७ अब्ज डॉलरला विकली गेली आणि पुन्हा खासगी झाली. कलाविश्वाची माहिती आणि लिलाव ऑनलाइन नेणारी आर्टनेट २५ वर्षांहून अधिक काळ जर्मन बाजारात होती, पण तिची वार्षिक उलाढाल गेल्या दशकभर दोन कोटी युरोच्या आसपासच घुटमळत राहिली, आणि २०२५ मध्ये तीही एका गुंतवणूक कंपनीने ताब्यात घेतली. नाव जगभर झालं तरी धंदा मोठा होतोच असं नाही.

म्हणून करारात दोन कलमं आहेत का ते पाहा: प्रवर्तकाने आपले शेअर विकले तर त्याच भावाने तुमचेही विकण्याचा हक्क, आणि पुढच्या फेरीत भाव खाली आला तर तुमच्या हिश्श्याचं संरक्षण. कर सोपा आहे. अनलिस्टेड शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर तुमच्या स्लॅबनुसार. पण कर भरण्याआधी नफा आणि नफ्याआधी खरेदीदार लागतो.

किती आणि कोणी?

घराचे हप्ते चालू आहेत, मुलांची फी आहे, निवृत्तीची रक्कम हीच एकमेव पुंजी आहे, अशांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आरोग्यविमा आहे, एसआयपी चालू आहे, त्यांनी आपल्या एकूण गुंतवणुकीच्या दोन-तीन टक्क्यांपुढे जाऊ नये, आणि ती रक्कम निदान सात वर्षं विसरता आली पाहिजे. चित्रकलेची आवड हे एक लाख गुंतवण्याचं कारण होऊ शकत नाही. त्या पैशांत कल्याणच्या एखाद्या चित्रकाराकडून थेट चार उत्तम चित्रं घ्या. भाव वाढला नाही तरी ती भिंतीवर राहतील.

तरीही पुढे जायचं असेल तर कंपनीकडे पाच गोष्टी लेखी मागा: एका चित्राचा संपूर्ण हिशेब, पुन्हा आलेल्या ग्राहकांची टक्केवारी, चित्रकारांना द्यायच्या रकमेचा आजचा आकडा, तीन वर्षांचे दाखल केलेले ताळेबंद, आणि शेअर विकण्याच्या हक्काचं कलम. पंधरा दिवस द्या. पाचही आले तर सीएसोबत बसा. तीनच आले तर आणखी एकदा मागा. ‘एवढे प्रश्न कोणीच विचारत नाही हो’ असं उत्तर आलं, तर पैसे बँकेतच राहू द्या.